न्यूग्रेंजची पांढरी भिंत

आयर्लंडमधल्या बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंज, म्हणजे नवाश्मयुगातले थडग्याचे टेकाड, म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती गारगोटीची पांढरीशुभ्र, जवळजवळ सरळ उभी भिंत. आयरिश पुराणकथांतल्या 'तूआ दे दानन' या देवकुळाच्या टेकाडांची चित्रे काढणारेही आता तीच भिंत रंगवतात. ही भिंत मात्र विसाव्या शतकातली आहे, आणि तिच्यामागे काँक्रीटचा आधार आहे.

टेकाड उभे राहिले इ.स.पू. ३२००च्या सुमारास. ज्या कथांमुळे ते देवांचे घर ठरले, त्या सांगणारी हस्तलिखिते ख्रिस्ती मठांच्या परंपरेतली, बाराव्या शतकाच्या आसपासची. मधल्या चार हजारांहून अधिक वर्षांत लोक बदलले, भाषा बदलली. तरी जागेचा मान टिकला असावा. टेकाडासमोर रोमन काळातील सोन्याची नाणी सापडली आहेत, आणि ती तिथे वाहिलेली दिसतात.

कथा अशी. माणसांकडून हरल्यावर देव जमिनीखाली गेले आणि त्यांचा प्रमुख दाग्दा याने एकेकाला टेकाड वाटून दिले. त्याचा मुलगा एंगस उशिरा आला. वाटणी संपली होती. मग त्याने बापाचेच घर, हे बॉइनकाठचे टेकाड, 'एक दिवस आणि एक रात्र' एवढ्यापुरते मागितले. मुदत संपल्यावर दाग्दा घर परत मागू लागला, तेव्हा एंगस म्हणाला की सारे जग दिवस आणि रात्र यांचेच आहे, म्हणजे घर कायमचे माझे. दुसऱ्या एका कथेत फसवला जाणारा दाग्दा नसून टेकाडाचा आधीचा मालक एल्कमार आहे. घराच्या आत बारमाही फळणारी झाडे, कधी न संपणारे डुकराचे मांस आणि न आटणारे पेय असल्याचे वर्णन येते.

१६९९मध्ये रस्त्यासाठी दगड काढताना आत जाणारी वाट उघडी पडली. खरा वाद मात्र १९६२ ते १९७५च्या उत्खननातून निघाला. टेकाडाभोवती ९७ मोठ्या दगडांचे कडे आहे. त्याबाहेर, प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना, गारगोटीचे तुकडे आणि करडे गोल गोटे यांचा थर सापडला. ही गारगोटी दक्षिणेकडच्या विकलो डोंगरातून आणलेली. उत्खनन करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की या दगडांच्या कड्यावर उभी असलेली भिंत कोसळून हा थर झाला. त्यांनी तशी भिंत रचून पाडूनही पाहिली. पडलेले दगड बरेचसे तसेच पसरले. मग सुमारे तीन मीटर उंचीची भिंत उभारली गेली.

आक्षेप साधा आहे. मागे काँक्रीट घातल्याशिवाय जी भिंत टेकाडाचा भार पेलू शकत नाही, ती नवाश्मयुगातल्या माणसांनी कशी उभी ठेवली असेल? शेजारच्याच नाउथ या टेकाडाला तशीच गारगोटी सापडली, पण तिथे ती प्रवेशासमोरची फरसबंदी मानून जमिनीवरच अंथरून ठेवली आहे. नाउथचा निर्णय मला अधिक सचोटीचा वाटतो. तो पुढे चुकीचा ठरला तरी दगड उचलता येतील. न्यूग्रेंजला एका तर्काला काँक्रीटचे कायमपण मिळाले. प्रवेशाजवळ भिंत आत वळते, तेही पर्यटकांना वाट हवी म्हणून. तेवढा भाग गडद दगडात ठेवून नवेपणा मान्य केला आहे. बाकीच्या भिंतीबाबत असा कबुलीजबाब दिसत नाही.

याच कामात दारावरची दगडी खिडकी मोकळी झाली. १९६७च्या डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, उगवत्या सूर्याची तिरीप १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट आतल्या दालनात पोचताना पाहिली गेली. आता त्या पहाटेच्या प्रवेशासाठी चिठ्ठ्या काढतात. १९९३मध्ये हा सारा परिसर जागतिक वारसा यादीत आला.

२०२०मध्ये टेकाडाच्या आतल्या एका पुरुषाच्या हाडातील डीएनएवरून कळले की त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण किंवा पालक-अपत्य असावेत. शेजारच्या डाउथ टेकाडाबद्दल मध्ययुगात लिहिलेली राजा आणि त्याच्या बहिणीच्या शरीरसंबंधाची कथा लगेच पुढे आली, आणि पाच हजार वर्षांची लोकस्मृती सापडली असे बोलले जाऊ लागले. एका माणसाच्या हाडावरून राजवंश उभा करू नये, असा आक्षेप पुरातत्त्वज्ञांनी घेतला आहे, आणि भिंतीचा अनुभव पाहता तो रास्त आहे.