कोकणात राहून पीएचडी करताय? पात्रता, कागदपत्रं, प्रबंध सबमिशन आणि व्हायवा, सगळं एका जागी

गेल्या महिन्यात देवरुखहून एका मॅडमचा फोन आला. प्रबंध लिहून तयार, गाईडनी शेवटचं चॅप्टरपण पास केलेलं, पण एमएच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पीएचडी रजिस्ट्रेशनला तिसरंच स्पेलिंग आणि मुदत संपायला चार महिने. त्यांना फोनवर जे जे सांगितलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण प्रवेशाची माहिती सगळीकडे मिळते पण शेवटच्या वर्षात काय काय लागतं ते कोणी आधी सांगत नाही आणि आपल्याकडून एका कागदासाठी मुंबईला जायचं म्हणजे रात्री तुतारी एक्सप्रेस पकडा, पहाटे दादर, दिवसभर कलिन्याला मुंबई विद्यापीठात आणि परत रात्रीची गाडी, दोन दिवसांची रजा जाते. मी स्वतः सिंधुदुर्गात कॉलेजात शिकवत पार्ट टाइम पीएचडी केली, विषय मालवणी बोलीतले मासेमारीचे शब्द, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील.

आधी कुठला नियम लागू ते बघा. सध्या युजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएचडी नियम चालू आहेत, ते ७ नोव्हेंबर २०२२ ला निघाले. त्याआधी प्रवेश झालेल्यांना त्यांच्या वेळचे म्हणजे २०१६ चे नियम. फरक मोठा आहे, २०१६ च्या नियमात सबमिशनच्या आधी एक रिसर्च पेपर छापून यायला लागायचा आणि कॉन्फरन्समध्ये दोन पेपर वाचायला लागायचे, २०२२ मध्ये ही सक्ती युजीसीने काढली. तरी विद्यापीठ स्वतःच्या ऑर्डिनन्समध्ये म्हणजे नियमावलीत अट ठेवू शकतं, म्हणून प्रवेशाचं पत्र समोर घेऊन आपल्या रिसर्च सेंटरला विचारा, ग्रुपवर कोणी काय टाकलंय त्यावर जाऊ नका. रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ वेगळं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पीएचडी तर वेगळ्याच चौकटीत चालते, तेव्हा दापोलीवाल्यांनी हे वाचून स्वतःला लावून घेऊ नये.

पात्रता थोडक्यात. तीन वर्षांची डिग्री आणि वर दोन वर्षांचं मास्टर्स असेल तर मास्टर्सला ५५ टक्के, चार वर्षांची डिग्री करून एक वर्षाचं मास्टर्स केलं तरी ५५, आणि चार वर्षांच्या डिग्रीवरून थेट यायचं असेल तर ७५ टक्के. एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग यांना ५ टक्के सूट. प्रवेश दोन रस्त्यांनी, नेट ही देशपातळीवरची परीक्षा किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा जिला सगळे पेट म्हणतात. पेटमध्ये निम्मे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे, निम्मे विषयाचे, ५० टक्के मिळाले की इंटरव्ह्यू, आणि शेवटच्या यादीत परीक्षेला ७० आणि इंटरव्ह्यूला ३० असं वजन. जून २०२४ पासून नेटच्या निकालात फक्त पीएचडीसाठी पात्र अशी एक कॅटेगरी पण आली, त्या मार्कांची मुदत एकच वर्ष असते हे खूप जणांच्या लक्षात येत नाही आणि वर्ष वाया जातं.

गाईड शोधताना लाजू नका, दोन गोष्टी स्पष्ट विचारा, जागा किती शिल्लक आणि रिटायरमेंट कधी. प्रोफेसरला एका वेळी ८ विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला ६, असिस्टंटला ४. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आपल्याकडे गाईड आधीच कमी, त्यात आर्ट्सच्या विषयांना तर रत्नागिरीपासून दोडामार्गापर्यंत शोधत फिरावं लागतं, त्यामुळे जागा रिकामी होण्याआधी वर्षभर ओळख ठेवलेली बरी.

प्रवेशाच्या कागदपत्रांत लोक सगळ्यात जास्त अडकतात ते मायग्रेशनला. सावंतवाडी, दोडामार्गकडची मुलं गोव्यात एमए, एमएस्सी करतात, वैभववाडी, राजापूरकडची कोल्हापूरला, आणि मग पीएचडी मुंबईची. म्हणजे जुन्या विद्यापीठाने सोडल्याचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी म्हणजे पात्रतेची मान्यता, दोन्ही लागतं आणि दोन्हीला वेळ लागतो. बाकी नेहमीचं, दहावीपासूनच्या मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट, आधार, एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर), नेट किंवा पेटचा निकाल, गाईडचं संमतीपत्र, रिसर्च प्रपोजल. आरक्षणातून असाल तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन क्रीमी लेयर, त्यावरची तारीख बघा, मुदत संपलेला दाखला घेऊन लोक इंटरव्ह्यूला येतात आणि सेतूत नवीन काढायला परत तालुक्याला धावतात. नोकरीवाल्यांना संस्थेची एनओसी लागते आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्याच पाहिजेत, पार्ट टाइम करायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी म्हणजे पीएचडीत करायच्या अभ्यासक्रमासाठी मोकळं केलं जाईल. नुसतं "हरकत नाही" असं एका ओळीचं पत्र परत येतं.

फुल टाइम करणाऱ्यांनी फेलोशिपचं बघाच. नेटमधून मिळणारी जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (सिनियर) झाली की ४२,०००, शिवाय राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत, त्यांच्या जाहिराती वेगवेगळ्या वेळी निघतात.

आता नावाचं, कारण आमच्या बायकांचं इथेच अडतं. लग्नानंतर नाव बदलायलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. माझं सांगणं असं की डिग्रीवर जे नाव आहे त्याच नावाने पीएचडीला रजिस्टर करा, त्याच नावाने पेपर छापा, शेवटपर्यंत तेच ठेवा. बदललंच असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रात छापून आलेला नावबदल, हे दोन्ही पहिल्या वर्षातच देऊन विद्यापीठाच्या रेकॉर्डला दुरुस्ती करून घ्या आणि दुरुस्तीचं पत्र जपून ठेवा. देवरुखच्या मॅडमचं सगळं यावरच अडलं होतं, प्रबंधात काही कमी नव्हतं हो.

मुदतीचा हिशोब. कमीत कमी तीन वर्षं कोर्सवर्क धरून, जास्तीत जास्त सहा, आणि ही सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, विषयाला मान्यता मिळाली त्या तारखेपासून नाही. पुढे री-रजिस्ट्रेशन करून दोन वर्षं वाढतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना आणखी दोन, म्हणजे एकूण दहाच्या आत. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, ती मागून घ्या, हक्काची आहे. लग्नामुळे किंवा इतर कारणाने विद्यार्थिनीचं गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोयपण नियमात आहे.

मधल्या वर्षांत कोर्सवर्क, किमान १२ क्रेडिट आणि ५५ टक्के, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा पेपर असतोच. आणि दर सेमिस्टरला रिसर्च अॅडव्हायझरी कमिटीसमोर प्रेझेंटेशन. या प्रत्येक मीटिंगचा सही असलेला रिपोर्ट त्याच दिवशी झेरॉक्स काढून फाईलला लावा. सबमिशनला सगळे प्रोग्रेस रिपोर्ट मागतात आणि तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर सही शोधत फिरणं फार त्रासाचं होतं, तोपर्यंत कमिटीतले लोक बदललेले असतात.

लिहिण्याबद्दल एकच सांगते, आपलं कॅलेंडर आपल्या गावाप्रमाणे ठेवा. माझं फिल्डवर्क मच्छीमारांकडे, त्यांना सीझनमध्ये वेळ नसतो, पण १ जूनपासून मासेमारी बंद झाली की होड्या वर काढलेल्या, जाळी विणत सगळे घरी, तेव्हा तासन् तास बोलतात. गणपतीत आणि शिमग्यात काही होत नाही हे आधीच धरा. पावसात लाईट जाते, नेट जातं, म्हणून फाईलचा बॅकअप तीन ठिकाणी.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. टायपिंगला देताना युनिकोडमध्येच करून मागा. आपल्याकडचे बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फॉण्टमध्ये टाइप करतात, छापून छान दिसतं पण चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती अक्षरं वाचताच येत नाहीत. माझ्या पहिल्या दोन चॅप्टरचं असंच झालं, मग युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केलं तर रफार सरकले आणि "ऱ्या" सगळीकडे तुटला, आणि माझ्या विषयात "किनाऱ्यावर" हा शब्द पानोपानी! सव्वादोनशे पानं हाताने तपासली, मे महिना पूर्ण त्यात गेला.

चोरीच्या म्हणजे प्लेजरिझमच्या तपासणीचा युजीसीचा नियम २०१८ चा आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० ला दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश यातून वगळतात, पण ते वगळून रिपोर्ट काढलाय ना हे लायब्ररीत स्वतः विचारा. आपलाच छापलेला पेपरपण रिपोर्टमध्ये जुळलेला दिसतो, तेव्हा तो याच संशोधनातला आहे असं गाईडचं पत्र सोबत ठेवा.

सबमिशनच्या आधी प्री-सबमिशन प्रेझेंटेशन होतं, कमिटी आणि विभागातले लोक बसतात, सूचना देतात, त्या प्रबंधात घालायच्या. मग फाईल लावायची: अर्ज, प्रबंधाच्या प्रती आणि पीडीएफ, सारांश, प्लेजरिझम रिपोर्ट गाईडच्या सहीने, स्वतःचं प्रतिज्ञापत्र, गाईडचं सर्टिफिकेट, कोर्सवर्कची मार्कशीट, रजिस्ट्रेशनचं पत्र, प्रोग्रेस रिपोर्ट, सगळ्या वर्षांच्या फीच्या पावत्या, लायब्ररीचं नो ड्यूज. किती प्रती आणि कसलं बाइंडिंग ते विद्यापीठाच्या सर्क्युलरमध्ये असतं, ते वाचूनच बाइंडिंगला टाका. आणि मुख्य म्हणजे मुखपृष्ठावरचं शीर्षक आणि मान्यतेच्या पत्रावरचं शीर्षक अक्षर न् अक्षर एकच पाहिजे, वाटेत विषयाचं नाव थोडं जरी बदललं असेल तर त्याची मंजुरी आधी लागते.

यानंतर प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, ते तुमच्या विद्यापीठातले नसतात. दोघांचे रिपोर्ट चांगले आले की व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एकाने नाकारलं तर तिसऱ्याकडे पाठवतात, तिसऱ्याने हो म्हटलं तर व्हायवा होतो, त्यानेही नाही म्हटलं तर प्रबंध नामंजूर. सबमिशनपासून हे सगळं सहा महिन्यांत पूर्ण व्हावं असं नियम म्हणतो, म्हणून चार महिने झाले आणि काहीच कळलं नाही तर लेखी विचारणा करा, इनवर्ड नंबर घेऊन, त्यात उद्धटपणा काही नाही.

व्हायवाला गाईड आणि त्या दोघांपैकी किमान एक बाहेरचे परीक्षक असतात. ऑनलाइनपण घेता येतो, आपल्याकडच्यांना त्याचा मोठा आधार आहे, फक्त घरच्या नेटवर विसंबू नका, कॉलेजात बसा आणि जनरेटरचं आदल्या दिवशी बघून ठेवा. व्हायवा सगळ्यांना खुला असतो, विद्यार्थी, शिक्षक कोणीही येऊन ऐकू शकतं, म्हणून आपला होण्याआधी दुसऱ्यांचे दोन-तीन तरी ऐकून या. परीक्षकांचे रिपोर्ट हातात आले की प्रत्येक मुद्द्याला उत्तर लिहून काढा, प्रबंधाचं पान नंबर टाकून.

माझ्या व्हायवात परीक्षक सरांचा पहिलाच प्रश्न आला की मालवण आणि देवगडचीच गावं का, वेंगुर्ला का नाही. मी सांगितलं की रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचे शब्द मला या दोन तालुक्यांत तुलना करून बघायचे होते, वेंगुर्ल्याचं रेकॉर्डिंग केलेलं नाही आणि म्हणून तिकडच्या बोलीबद्दल प्रबंधात मी काही दावा केलेला नाही, पान अमुक. सर मान हलवून पुढच्या प्रश्नावर गेले. जे केलं नाही ते केलं नाही म्हणून सांगावं, ओढूनताणून उत्तर दिलं की त्यातूनच पुढचे दहा प्रश्न निघतात. मग त्यांनी एका शब्दाचं मूळ रेकॉर्डिंग ऐकवा म्हणून सांगितलं, लॅपटॉपवर होतं, सुटलं. मूळ डेटा, भरलेल्या प्रश्नावल्या, रेकॉर्डिंग, ज्यांच्याशी बोललात त्यांची संमतीपत्रं, सगळं त्या दिवशी जवळ असू द्या. आणि स्वतःचा प्रबंध आदल्या आठवड्यात पहिल्या पानापासून वाचा, चार वर्षांपूर्वी लिहिलेलं दुसरं प्रकरण आपल्यालाच आठवत नसतं.

व्हायवा झाला की सुचवलेल्या दुरुस्त्या करून शेवटची सॉफ्ट कॉपी द्यायची, ती शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाते, तिथे ती कायम आणि कोणालाही वाचता येते, तेव्हा आधीच्या ड्राफ्टची फाईल चुकून देऊ नका. मग निकालाचं नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट. ते हातात घेतल्यावर काउंटरवरून हलायच्या आधी नाव, शीर्षक, तारीख तिथेच वाचा, चूक असेल तर त्याच दिवशी अर्ज देऊन या, आणि नोकरीत असाल तर सर्व्हिस बुकला नोंद करायला एक अटेस्टेड प्रत कॉलेजच्या ऑफिसात लगेच द्या.