वेदनेची बेल आणि तुरीवरची अळी

मे महिन्यातल्या एका सोमवारी आमच्या लॅबमध्ये थर्मोकोलचा डबा आला. नागपुरात तो शुक्रवारीच पोचला होता, पण दुसरा शनिवार आणि रविवार कुरिअरच्या गोदामातच गेला. बाहेर पारा 45 अंशांवर. ड्राय आइस वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. त्यामुळे डबा उघडला तर आत ना बर्फ ना पाणी. तळाशी फक्त बोटाच्या पेराएवढी ट्यूब, तीत काही मायक्रोग्रॅम प्रथिन : माणसाचा म्यू ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूतलं वेदनाशामक मॉर्फिन पेशीवर जिथे जाऊन बसतं ते प्रथिन. किंमत इथे लिहीत नाही, विभागप्रमुखांना अजून पुरती पचलेली नाही.

आपल्या अनारशांवरची आणि सावजी मसाल्यातली खसखस ज्या झाडाची, त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की जो चीक गळतो, ती अफू. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने तिची शेती होते. त्या चिकातून मॉर्फिन वेगळं काढलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीतल्या झेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्याने. पण मॉर्फिन शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला 1973 उजाडलं. बाल्टिमोरमध्ये कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी उंदराच्या मेंदूच्या लगद्यात किरणोत्सारी नॅलोक्सोन (मॉर्फिनला रोखणारं औषध) घातलं आणि ते कुठे चिकटतं ते मोजलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनाही तेच दिसलं.

आता मेंदूने एका झाडाच्या चिकासाठी जागा का राखून ठेवावी? त्याचं उत्तर दोन वर्षांनी स्कॉटलंडमध्ये, डुकराच्या मेंदूत मिळालं. ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना तिथे एन्केफॅलिन सापडलं, अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी. जागा मुळात या घरच्या माणसाची. अफू तिथे आगंतुक.

रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली, असं शाळेत शिकवतात. मला दारावरची बेल जास्त पटते. बटण बाहेर दाबलं जातं, आवाज आत होतो, आणि दाबणारा उंबरा ओलांडत नाही. मॉर्फिन बाहेरच राहतं. रिसेप्टरचा आतला भाग किंचित सरकतो आणि पेशीतली निरोप पुढे नेणारी जी-प्रथिनं कामाला लागतात. वेदनेचा निरोप पुढे जायचा तो मंदावतो. श्वासाची लय सांभाळणाऱ्या चेतापेशींवरही हीच बेल असते, म्हणून जास्त झालेलं मॉर्फिन जीव घेतं. नॅलोक्सोन बटणावर नुसतं बोट ठेवून उभं राहतं. स्वतः दाबत नाही, दुसऱ्यालाही दाबू देत नाही.

ही बेल नीट तपासायची तर ती सुटी हवी. मेंदूत ती असते अगदी थोडी, आणि डेल्टा, कॅपा अशा भावंडांत मिसळलेली. 1992 मध्ये डेल्टाचा जीन हाती आला, पुढच्याच वर्षी म्यूचा. मग रस्ता खुला झाला : जीन दुसऱ्या एखाद्या पेशीत घालायचा आणि प्रथिन तिच्याकडून करवून घ्यायचं. यालाच रिकॉम्बिनंट म्हणतात. इन्सुलिन असंच ई. कोलाय जिवाणूकडून मिळतं. पण इथे जिवाणू बहुधा हात टेकतो. 400 अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते, हातशिलाईच्या टाक्यासारखी. शिवाय तिच्यावर साखरेच्या फांद्या लागतात. जिवाणूत साखर लागत नाही आणि साखळीचा बरेचदा गोळा होतो.

मग वापरतात अळीच्या पेशी, आणि त्यांत जीन पोचवायला एक विषाणू. हे मी उमरेडकडे तूर करणाऱ्या माझ्या मामेभावाला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर तो एचएएनपीव्ही हा विषाणू फवारतो. संध्याकाळी, नीळ मिसळून, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू मरतो. चार-सहा दिवसांत अळ्या फांदीला उलट्या लटकतात, कातडी फाटून आतलं पाणी पानांवर गळतं. लॅबमधला विषाणू याच कुळातला. उघड्यावर तग धरायला हे विषाणू पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात स्वतःला गुंडाळून घेतात आणि ते प्रथिन ढिगाने बनवतात. फ्लास्कमध्ये ऊनच नाही, मग या गुंडाळीची गरजही नाही. म्हणून पॉलिहेड्रिनचा जीन काढून त्या जागी आपला बसवायचा. ही युक्ती 1983 मध्ये टेक्सासमध्ये पहिल्यांदा जमली. पेशी आहेत अमेरिकन लष्करी अळीच्या, 1970 च्या दशकात तिच्या कोषातल्या अंडाशयातून घेतलेल्या. तीच अळी, जी 2018 मध्ये कर्नाटकात मक्यावर भारतात पहिल्यांदा दिसली.

“म्हणजे आमी मारतो अन् तुमी पाळता,” मामेभाऊ म्हणाला. “लय झालं दादा.”

पाळणं सोपं नाही. या पेशींना 27 अंश लागतात. इतरत्र लोक इनक्युबेटर पेशींना ऊब द्यायला घेतात. नागपूरच्या उन्हाळ्यात आम्हाला त्याने गार करावं लागतं. विषाणू सोडल्यावर दोन-तीन दिवसांत पेशी गोळा करायच्या. मग रिसेप्टर पटलातून डिटर्जंटने सोडवायचा. कमी पडलं तर तो सुटत नाही, आणि चुकीचं निवडलं तर साखळीची घडीच मोडते. सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो.

याच अळीच्या पेशींत बनवलेल्या उंदराच्या म्यू रिसेप्टरची अणूंच्या पातळीवरची रचना 2012 मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने छापली. त्याच वर्षी या मोठ्या रिसेप्टर-कुळाच्या कामासाठी कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना नोबेल मिळालं. पुढे त्या रचनेवर संगणकाने तीस लाखांहून जास्त रेणू बसवून पाहिले आणि त्यातून पीझेडएम21 हा रेणू निघाला. वेदना थांबवेल, श्वास नाही, असा बोलबाला 2016 मध्ये झाला. नंतरच्या प्रयोगांत तो उंदरांचा श्वासही मंदावतो असं दिसलं. तेव्हा ‘व्यसन न लावणारं मॉर्फिन आलं’ छापाच्या बातम्या मी जरा सावकाशच वाचतो.

आमच्या ट्यूबचं काय झालं? प्रकाशमान खूण लावलेला, नॅलोक्सोनसारखा एक रेणू घालून पाहिला. चकाकी प्रथिन न घातलेल्या खाचेइतकीच. घडी उलगडली होती, बेल मेली होती. पण साखळी तुटलेली नव्हती, आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीत, प्रथिन आपण मुद्दाम उलगडूनच चालवतो. अँटिबॉडीला त्यातला ओळखीचा तुकडा दिसला की झालं. म्हणून ट्यूबवर ‘फक्त ब्लॉट’ असं मार्करने लिहून ती उणे 80 च्या फ्रीझरमध्ये ठेवली आहे. नवीन मागवायची ती दिवाळीनंतर.