टेनपिन बोलिंगपटू, व्यावसायिक

टेनपिन बोलिंगपटू, व्यावसायिक : लांब, गुळगुळीत मार्गावरून (लेन) जड चेंडू घरंगळत टाकून टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना पाडण्याच्या बोलिंग खेळावर पूर्णतः किंवा अंशतः उपजीविका करणारा खेळाडू. स्पर्धांतील बक्षिसे, चेंडू-निर्मात्यांचे प्रायोजकत्व, शिकवणी आणि चेंडूंना बोटांसाठी भोके पाडून देण्याचे काम हे त्याच्या मिळकतीचे चार मार्ग होत. भारतात केवळ पहिल्यावर पोट भरत नाही. त्यामुळे येथे ‘व्यावसायिक’ हा शब्द कौशल्याची पातळी सांगतो, उत्पन्नाची सांगेलच असे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीभाषक सीमाभागात ‘बोलिंग’ म्हटले की क्रिकेटची गोलंदाजीच डोळ्यांपुढे येते. दोन्ही शब्दांचे मूळ मात्र एकच. ‘चेंडू’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच ‘बूल’ शब्दापासून दोन्ही आले आणि क्रिकेटमध्येही चेंडू आरंभी खालून घरंगळत टाकला जाई. प्रस्तुत नोंदीत गोंधळ टाळण्यासाठी ‘टेनपिन’ हेच नाव वापरले आहे.

दहाव्या पिनेचा प्रश्न : खेळाचे मूळ सांगताना इजिप्तमधील नकादा येथे फ्लिंडर्स पेट्री यांना सापडलेल्या एका बालकाच्या थडग्यातील दगडी वस्तूंपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. त्यांचा काळ साधारण इ. स. पू. ३२०० मानतात. त्या वस्तू एखाद्या खेळण्याच्या असाव्यात हे मान्य होण्यासारखे आहे. त्यांच्यापासून आजच्या खेळापर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही. जर्मनीतील मठांत ‘केगेल’ नावाचा सोटा उभा करून पापाचे प्रतीक म्हणून तो दगडाने पाडीत, ही तिसऱ्या-चौथ्या शतकातील म्हणून सांगितली जाणारी हकिकतही बऱ्याच नंतरच्या लेखनावर आधारलेली आहे. नऊ पिनांचा खेळ जर्मन आणि डच वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेला, येथवर अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

वाद आहे तो दहाव्या पिनेबद्दल. कनेटिकट राज्याने १८४१ मध्ये जुगाराच्या कारणावरून नऊ पिनांच्या खेळावर बंदी घातली आणि ती चुकवण्यासाठी लोकांनी एक पिन वाढवली, ही कथा सर्वत्र आढळते. कायदा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष तितका पक्का नाही. सुमारे १८१० च्या एका चित्रात इंग्लंडमध्ये उघड्यावर त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना दिसतात. चित्राचा काळ बरोबर धरला, तर दहावी पिन बंदीच्या आधीची ठरते. बंदीमुळे दहा पिनांचा खेळ जन्मला नाही, आधीपासून असलेला खेळ तिच्यामुळे पसरला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय फरक केवळ एका पिनेचा नाही. नऊ पिना शंकरपाळ्याच्या आकारात मांडतात, दहा पिना समभुज त्रिकोणात. मांडणी बदलली की चेंडूने कोठे आदळावे तेही बदलते, म्हणून ही नुसती कायद्याची पळवाट असती तर ती इतकी नेमकी बसली नसती.

न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि लेनची लांबी, पिनांचे वजन व गुणांची रीत एकसारखी झाली. गॉटफ्रिड श्मिट यांनी रचलेले पिना उभारणारे यंत्र १९४६ मध्ये प्रथम लोकांसमोर आले. तोवर हे काम मुले हाताने करीत. एडी एलायस यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन येथे प्रोफेशनल बोलर्स असोसिएशन (पीबीए) उभी राहिली. टेनपिन हा पेशा होऊ शकतो असे म्हणता येते ते त्यानंतरच. अर्ल अँथनी यांनी १९७५ मध्ये एका हंगामात एक लाख डॉलरची कमाई प्रथमच ओलांडली. वॉल्टर रे विल्यम्स यांच्या नावावर ४७ पीबीए विजेतेपदे आहेत. ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमोंटे यांनी दोन्ही हातांनी चेंडू सोडण्याची शैली मान्यतेला नेली.

लेन आणि तेल : फाउल लाइनपासून (चेंडू टाकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट (१८.२९ मी.), रुंदी सुमारे १०५ सेंमी., त्यात ३९ पट्ट्या, प्रत्येक सुमारे २.७ सेंमी. रुंद. उजव्या हाताचा खेळाडू पट्ट्या उजवीकडून मोजतो. फाउल लाइनच्या पुढे सात बाण असतात. ते ५, १०, १५ अशा क्रमाने पट्ट्यांवर काढलेले असतात आणि नजर पिनांवर न ठेवता या बाणांवर ठेवायची असते. पिना १५ इंच उंच, दीड किलोच्या थोड्या वर वजनाच्या, एकमेकींपासून १२ इंचांवर. त्यांना पुढच्या टोकापासून मागे, प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे, १ ते १० क्रमांक देतात. चेंडू जास्तीत जास्त १६ पौंड (७.२६ किग्रॅ.).

डोळ्यांना न दिसणारी आणि पेशाची खरी कसोटी असलेली गोष्ट म्हणजे लेनवरचे तेल. प्रत्येक सत्रापूर्वी यंत्राने खनिज तेलाचा अगदी पातळ थर दिला जातो. एका लेनला साधारण २० ते ३० मिलिलीटर. तो बहुधा ३५ ते ४५ फुटांवर संपतो. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो. कॅरमच्या फळ्यावर पावडर कोठे दाट, कोठे विरळ हे पाहून सोंगटीचा वेग ठरवणाऱ्या बेळगावकराला हे तत्त्व लगेच उमजेल. फरक एवढाच की येथे पावडर दिसत नाही. ती चेंडूच्या चालीवरून ओळखावी लागते.

मनोरंजन केंद्रांत तेल देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत (पॅटर्न) मध्यावर तेल दाट आणि कडेला नाममात्र असते. चेंडू थोडा बाहेर गेला तरी कोरड्यावरून परत आत येतो, आत गेला तर तेलावर धरून राहतो. दोन्ही बाजूंच्या चुका आपोआप झाकल्या जातात. स्पर्धेच्या स्पोर्ट पॅटर्नमध्ये मध्य आणि कड यांतील तेलाचे प्रमाण सुमारे ३:१ किंवा त्याहून सपाट असते. तेथे दोन पट्ट्यांची चूकही भोवते. नेहमीच्या लेनवर २०० गुणांची सरासरी असलेला खेळाडू पहिल्या राज्य स्पर्धेत १६०–१७० वर घसरतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. हात बिघडलेला नसतो.

तेलाची लांबी कळली की एक ठोकताळा वापरतात : लांबीच्या फुटांतून ३१ वजा करावेत, उरेल त्या पट्टीच्या आसपास चेंडू वळणाच्या ठिकाणी असावा. तेल ४१ फूट असेल तर दहावी पट्टी. येथून सुरुवात करायची; पुढचे लेन सांगते. खेळ चालू असताना चेंडू तेल शोषत जातात, वहिवाटीची वाट कोरडी पडते आणि चेंडू लवकर वळू लागतो. पहिल्या पिनेच्या नाकावर आदळून ४–९ सारख्या पिना उरू लागल्या की उजव्या हाताच्या खेळाडूने पाय दोन पट्ट्या आणि नजर एक पट्टी डावीकडे न्यावी. ज्या बाजूला चेंडू चुकतो त्याच बाजूला सरकायचे हा नियम नवख्याला उलटा वाटतो आणि तो नेमका विरुद्ध दिशेला सरकतो.

आघाताचा कोन : उजव्या हाताच्या खेळाडूचे लक्ष्य १ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमधली फट, म्हणजे साडेसतरावी पट्टी. आदर्श स्ट्राइकमध्ये (पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडणे) चेंडू फक्त चार पिनांना शिवतो : १, ३, ५ आणि ९. पहिली पिन २, ४, ७ यांची रांग पाडते, तिसरी ६ आणि १० यांची. पाचवी ८ ला घेते. यासाठी चेंडू चार ते सहा अंशांच्या कोनात शिरावा लागतो. अमेरिकेच्या बोलिंग नियामक संघटनेच्या प्रयोगांत सहा अंश सर्वांत फलदायी ठरले. सरळ टाकलेला चेंडू दोन अंशांपर्यंतही पोहोचत नाही. वळणाऱ्या चेंडूशिवाय हा पेशा नाही, तो यामुळे.

एकटी दहावी पिन उरणे ही उजव्या हाताच्या खेळाडूची नित्याची डोकेदुखी. ती कशी उरली हे पाहणे महत्त्वाचे. सहावी पिन दहावीच्या मानेभोवतून उडून गेली असेल तर चेंडूत जोर होता, केवळ किंचित बदल हवा. सहावी गटरमध्ये (लेनच्या कडेची पन्हळ) लोळत पडली असेल तर चेंडूची ताकद आधीच खर्च झाली होती. अशा वेळी चेंडू बदलावा किंवा त्याचा पृष्ठभाग चकचकीत करावा. उरलेली दहावी मात्र पॉलिएस्टरच्या कडक चेंडूने, लेनच्या डावीकडून तिरपे आणि सरळ टाकून उडवावी. तेलाचा त्याच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. स्पर्धा बहुधा स्ट्राइकने जिंकल्या जात असल्या, तरी हरल्या जातात त्या चुकलेल्या स्पेअरने, म्हणजे दुसऱ्या चेंडूने उरलेल्या पिना न पाडता आल्याने.

चेंडू, भोके आणि निगा : चेंडूच्या कवचासाठी १९८१ मध्ये युरेथेन आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी रिॲक्टिव्ह रेझिन आले. दुसऱ्याने खेळच बदलला, कारण ते तेल शोषून कोरड्यावर जोरात वळते. व्यावसायिक खेळाडू फिंगरटिप पकड घेतो : मधले बोट व अनामिका पहिल्या पेरापर्यंत, अंगठा पूर्ण आत. अंगठा आणि बोटे यांच्या भोकांतील अंतर जास्त असेल तर अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलते. कमी असेल तर खेळाडू नकळत आवळतो, अंगठा उशिरा सुटतो आणि चेंडू आपटतो. दिवसभरात अंगठा सुजतो किंवा आकसतो, म्हणून भोकात पट्टीचे तुकडे लावणे-काढणे हा प्रत्येक खेळाचा भाग असतो. अंगठ्याच्या नसेवर सतत दाब येऊन बधिरपणा येतो, त्याकडे दुर्लक्ष केलेल्या खेळाडूंची कारकीर्द आखूड होते. समतोलासाठीचे चौथे भोक १ ऑगस्ट २०२० पासून नियमाने बंद झाले.

प्रत्येक खेळानंतर चेंडू आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तो ऊबदार असतानाच पुसावा. सुमारे पन्नास-साठ खेळांनंतर भोके चिकटपट्टीने बंद करून ५०–५५ अंश से. कोमट पाण्यात ठेवल्यास मुरलेले तेल बाहेर येते. उकळते पाणी किंवा एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी यांनी चेंडू तडकतो.

सीमाभागातील वाट : स्पर्धेच्या दर्जाच्या लेनसाठी येथल्या खेळाडूला बाहेर जावे लागते, बेंगळूरु सुमारे ५०० किमी., पुणे सुमारे ३४०. नोंदणी राज्यवार असल्याने बेळगाव-निपाणीचा खेळाडू कर्नाटकाकडून खेळतो, तर निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरचा महाराष्ट्राकडून. घरी मराठी, परिपत्रके इंग्रजीत आणि लेनवर सोबत्यांशी कन्नड किंवा हिंदी, हे ओघाने येतेच. बेंगळूरुच्या चर्च स्ट्रीटवरील अमीबा केंद्रात मोठ्या स्पर्धा झालेल्या आहेत; कर्नाटकाचे शेख अब्दुल हमीद हे अनेकवारचे राष्ट्रीय विजेते. प्रवासाचे गणित आधीच मांडावे : १५ पौंडांचे तीन चेंडूच २० किलो भरतात, बूट-पिशवीसह २५ च्या घरात. देशांतर्गत विमानाच्या नेहमीच्या १५ किलोच्या मर्यादेत ते बसत नाहीत. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून उडण्यापेक्षा रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची पडते.

लेनविना होणारा सराव कमी लेखू नये. चालीला (चेंडू सोडण्यापूर्वीच्या पावलांना) १५ फूट (४.६ मी.) जागा लागते, जुन्या घराचा सोपा किंवा कार्यालयाचा रिकामा हॉल पुरतो. चार किंवा पाच पावले, पहिल्या-दुसऱ्या पावलाला चेंडू पुढे, हात लंबकासारखा मोकळा, शेवटचे पाऊल घसरते. शहाबादी फरशीवर डाव्या पायात मोजा घालून घसरणे बसवता येते. चेंडू सोडण्याची क्रिया एका गुडघ्यावर बसून जाड गादीवर करावी; अंगठा आधी सुटून बोटे मागून उचलतात की नाही, हे कानालाही कळते. तालमीत कमावलेला हात येथे प्रथम अडथळा ठरतो : जोर लावून झोका ओढला की खांदा वळतो आणि चेंडू डावीकडे खेचला जातो. वजन गुरुत्वावर सोडून द्यायला अशा मुलांना महिने लागतात, पण पायांची ताकद आणि तोल त्यांच्याकडे आधीच असतो. खानापूरकडच्या पावसात ओलसर बुटाने लेनवर जाणे धोक्याचे. ओला तळ चिकटतो, घसरण मध्येच थांबते आणि सारा भार गुडघ्यावर येतो. बुटांवर आवरण चढवून ठेवावे आणि तळ हाताने तपासूनच पहिले पाऊल टाकावे.

बहुतेक खेळाडू केंद्रातील लीगपासून सुरुवात करतात, मग राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि निवड चाचणी. पात्रता फेरीत अनेक खेळांची एकूण बेरीज धरतात, नंतर सामने, आणि बहुधा शेवटी खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने एकेक सामना जिंकत वर चढण्याची अंतिम फेरी. आशियाई क्रीडास्पर्धांत टेनपिन १९७८ मध्ये बँकॉकला आले, राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ मध्ये क्वालालंपूरला. ऑलिंपिकमध्ये १९८८ ला सोलमध्ये केवळ प्रदर्शन झाले. हे सारे नोकरी सांभाळूनच चालते. पेशा टिकवणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे प्रशिक्षण, भोके पाडणे किंवा लेनची देखभाल यांकडे वळतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री व हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांत हात बसलेल्या तरुणाला पिना उभारणाऱ्या यंत्राचे पट्टे, मोटारी आणि चेंडू उचलणारी चाके परकी वाटत नाहीत.