अडलेली बाळंतीण आणि उशिराचं सिझेरियन

गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडलंय, कळा जोरात आहेत, पण बाळाचं डोकं ओटीपोटाच्या हाडांत रुतून बसलंय. आता चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ खालून ओढायचं की सिझेरियनला घ्यायचं? पेच जुनाच आहे. आजचं सिझेरियन घडलं तेच मुळी या उशिराच्या धास्तीतून.

एकोणिसाव्या शतकात कळा देऊन देऊन गळालेल्या, पिशवीत जंतुसंसर्ग शिरलेल्या बाईचंच पोट शेवटी उघडत, आणि बहुधा ती दगावायची. फिलाडेल्फियाचे डॉ. रॉबर्ट हॅरिस यांनी गुरांच्या शिंगांनी पोट फाटलेल्या गर्भवतींच्या नोंदी जमवल्या. शिंगांनी फाटलेल्या बायका डॉक्टरांनी कापलेल्यांपेक्षा जास्त वाचल्या होत्या! शिंग बसलं तेव्हा त्या कळांनी थकलेल्या तरी नव्हत्या.

त्या काळी पिशवीला टाके घालत नसत. १८७६ मध्ये इटलीच्या एदुआर्दो पोरो यांनी रक्तस्राव आणि संसर्ग टाळायला पिशवीच काढून टाकली. १८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स झेंगर यांनी ती नीट शिवून दाखवली. तरी उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेत पिशवीतली घाण पोटात पसरायची. म्हणून छेद पिशवीच्या खालच्या भागात गेला, मूत्राशयावरच्या पडद्याने झाकता येईल असा. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात हा आडवा छेद रूढ केला. पुढे प्रतिजैविकं आणि रक्तपेढ्या आल्या, तशी भीती ओसरली.

पण खूप वेळ कळा दिल्यावर पिशवीचा हाच खालचा भाग ताणून पातळ होतो. रुतलेलं डोकं वर ओढताना छेद बाजूला फाटत मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊ शकतो, मूत्राशयालाही इजा होते. डोक्याशी झटापट करण्याऐवजी आधी खांदे, मग धड, मग पाय आणि शेवटी डोकं बाहेर काढायची पटवर्धन पद्धत १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आजही वापरतात.

उशिराच्या सिझेरियनचा फायदाही खराच. चिमट्याने न निघणारं, गुदमरू लागलेलं बाळ यातूनच वाचतं, आणि आईच्या गुदद्वाराच्या स्नायूला चीर पडण्याचा धोका टळतो. मात्र छेद फार खाली गेला तर पिशवीचं तोंड दुखावतं, आणि पुढच्या खेपेला दिवस भरण्याआधीच प्रसूती होण्याची शक्यता वाढते. पहिलटकरणीला हे आधी सांगायला हवं. टेबलावर घेतल्यावर तेवढी उसंत कोणालाच नसते.