गोल्फ क्लबची लांबी आणि साठ अंशांचा कोन

मे २०२१ मध्ये अमेरिकन गोल्फर फिल मिकेल्सनने वयाच्या पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या हातातल्या ४७.९ इंची ड्रायव्हरची (सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची) सगळीकडे चर्चा झाली. नियमानुसार कमाल लांबी ४८ इंच होती आणि आजही आहे. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या दोन्ही नियामक संस्थांनी, स्पर्धेच्या समितीला हवे असल्यास पटर (चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याचा क्लब) वगळता इतर क्लबांवर ४६ इंचांची मर्यादा घालण्याची मुभा १ जानेवारी २०२२ पासून दिली. एवढ्या लांब क्लबचा फायदा किती, यावर भरपूर वाद झाले, पण ४७.९ हा आकडा मोजतात कसा, हा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न बाजूलाच राहिला. ४८ आणि ४७.९ यांत अंतर आहे ते फक्त २.५४ मिलिमीटरचे.

ग्रिपच्या (मुठीच्या) टोकाला टेप धरायची, क्लबच्या खालच्या टोकापर्यंत ओढायची आणि आकडा वाचायचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. अडचण ‘खालच्या टोका’पाशी येते. शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, क्लबहेडच्या (चेंडूला लागणाऱ्या भागाच्या) टाचेकडच्या, म्हणजे खेळाडूच्या बाजूच्या, भागात शिरतो आणि हेड तिथून एका बाजूला वळते, त्यामुळे शाफ्टच्या रेषेवर लांबी संपते असा स्पष्ट बिंदू क्लबवर कुठेही नसतो. तो बिंदू ठरवून द्यावा लागतो, आणि नियमाने तो असा ठरवला आहे: क्लब आडव्या सपाट पृष्ठभागावर ठेवायचा, हेडचा तळ ६० अंशांत उभ्या केलेल्या दुसऱ्या सपाट पृष्ठभागाला टेकवायचा, आणि हे दोन पृष्ठभाग ज्या रेषेत मिळतात तिथपासून ग्रिपच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे लांबी. हेडची टाच गोलसर असल्यामुळे ती कोपऱ्यात सहसा पोहोचत नाही, थोडी फट राहते. ती फटही लांबीत धरायची असते. टाचेपर्यंतच मोजणाऱ्याची लांबी म्हणूनच कमी भरते.

आता या साठ अंशांचे काम पाहू. क्लब जमिनीवर उभा धरला आहे आणि तळाचा मध्य जमिनीला टेकला आहे असे समजा. शाफ्टची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला स्पर्शबिंदूपाशी न मिळता टाचेच्या बाजूला, ढोबळमानाने ५० मिलिमीटर अलीकडे मिळते. क्लब किंचित कलवून हेडचा पुढचा (टाचेच्या विरुद्ध बाजूचा) भाग वर उचलला की टाचेची बाजू खाली जाते, जमीन शाफ्टच्या रेषेला थोडी वर छेदते आणि लांबी कमी भरते. पुढचा भाग खाली दाबला तर उलटे होते. भूमितीने हिशेब केला तर लांबीतला बदल म्हणजे स्पर्शबिंदूचे ते अंतर गुणिले कोनातला बदल (रेडियनमध्ये) भागिले शाफ्टने जमिनीशी केलेल्या कोनाचा साइन. एक अंश म्हणजे ०.०१७५ रेडियन आणि ६० अंशांचा साइन ०.८६६, म्हणून ५० मिलिमीटर अंतरासाठी उत्तर येते सुमारे एक मिलिमीटर प्रति अंश. तळ गोलाकार असेल तर कलवताना स्पर्शबिंदू सरकतो, पण लहान कोनात त्या सरकण्याचा लांबीवरचा परिणाम कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे नगण्य असतो, आणि सूत्र तसेच टिकते.

मिकेल्सनच्या ड्रायव्हरला ४८ इंचांपासून वेगळे करणारे २.५४ मिलिमीटर म्हणजे केवळ अडीच अंशांचा कल होय, आणि हातात धरलेला क्लब तेवढा कलला तर नजरेला कळतही नाही. ड्रायव्हरचा शाफ्ट जमिनीशी साधारण ५६ ते ६० अंशांचा कोन करतो, तर वेजचा (आखूड, उंच फटक्यासाठीच्या क्लबचा) ६४ च्या आसपास. प्रत्येक क्लब आपापल्या कोनात मोजला तर वेजच्या लांबीत तीन-चार मिलिमीटरची भर पडेल. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये (धातूच्या पातळ हेडच्या क्लबांमध्ये) सहसा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा फरक ठेवतात, त्याच्या तुलनेत ही भर लहान नाही. हल्ली अनेक ड्रायव्हरांचा कोन पान्याने बदलता येतो, त्यामुळे सर्वांसाठी एकच कोन ठरवणे हा मला या नियमातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

याउलट ज्या चुकीची लोकांना भीती वाटते ती टेपच्या तिरकेपणाची चूक अगदी क्षुल्लक असते. सुमारे ११५० मिलिमीटर लांबीवर टेपचे एक टोक २० मिलिमीटर बाजूला सरकले, तरी पायथागोरसच्या प्रमेयाने फरक येतो ०.१७ मिलिमीटर. मात्र टेपच्या टोकाचा धातूचा आकडा (हूक) मुद्दामच स्वतःच्या जाडीएवढा हलता ठेवलेला असतो आणि ६० अंशांच्या कोपऱ्यात तो नीट बसत नाही. म्हणून कोपऱ्यातच शून्य येईल अशी ताठ पट्टी वापरावी. ग्रिपही शाफ्टवर पूर्ण बसलेली आहे ना, ते पाहावे. ग्रिपच्या टोकावरच्या टोपीखाली पोकळी राहिली तर शाफ्ट न वाढताच लांबी वाढलेली दिसते.

इंचभर लांब ड्रायव्हर घेतला की चेंडू हमखास दूर जातो, हा जाहिरातींचा दावा विश्वास ठेवण्यासारखा नाही. लांबीबरोबर क्लबचे जडत्वाघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध) वाढते, तो फिरवणे जड जाते आणि चेंडू हेडच्या मध्यावर लागण्याची शक्यताही घटते.

पटरला हा साठ अंशांचा नियम नाही. त्याची लांबी ग्रिपच्या टोकापासून शाफ्टच्या अक्षावरून, किंवा तो अक्ष सरळ वाढवून, तळापर्यंत मोजतात. ज्या पटरमध्ये शाफ्ट हेडच्या मध्यात बसवलेला असतो तिथे स्पर्शबिंदू अक्षाच्या जवळच असतो, वरच्या सूत्रातले अंतर शून्याकडे झुकते, आणि क्लब एखाद-दुसरा अंश कलला तरी लांबी जवळजवळ तेवढीच भरते.