रात्रीचा भात, सकाळची फोडणी

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, इंदूरच्या मराठी घरांत मायक्रोवेव्हला बिचकणारं कुणी ना कुणी भेटतंच. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला मात्र कुणी बिचकत नाही. माझ्या मते भीतीची जागा चुकते आहे.

मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नातल्या पाण्याचे रेणू हलवतात, त्यातून अन्न तापतं. बटण बंद झालं की लहरी संपल्या. अन्नात काही साठून राहत नाही. साधा प्लास्टिकचा किंवा धातूचा डबा आत ठेवू नये, एवढं पथ्य पुरे.

भाताचं तसं नाही. बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू मातीतून तांदळावर येतो. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपं, उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतले काही सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी टिकतं. सकाळच्या फोडणीत जिवाणू मरतील, विष तसंच राहील. पोटात गेल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

‘आम्ही जन्मभर फोडणीचा भात खाल्ला,’ असं आजी म्हणतात ते खरंच असतं. प्रत्येक पातेल्यात विष होत नाही, शिवाय माळव्यातल्या जानेवारीच्या थंड रात्री हे जिवाणू फार हळू वाढतात. मे महिन्यात त्याच ओट्यावर 30 अंशांपुढे उकडत असतं, आणि त्यांना तेच मानवतं. त्यामुळे अन्न शिळं आहे का, एवढ्यावर थांबू नये. ते किती तास आणि किती उष्म्यात बाहेर होतं, ते बघावं. जागतिक आरोग्य संघटना दोन तासांची मर्यादा सांगते. खोल पातेल्यात मधला भात बराच वेळ कोमट राहतो, म्हणून तो परातीत पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. तो फोडणीला घालायला काहीच हरकत नाही. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर इथे अजिबात हयगय नको.

वर्तमानपत्राच्या कागदावरचे गरम पोहे हा वेगळ्या जातीचा धोका. छपाईच्या शाईतली रसायनं तेलकट, गरम पदार्थात उतरतात; अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच याविरुद्ध इशारा दिला होता. एका सकाळीने कुणी आजारी पडणार नाही, पण इंदुरात पोहे रोजचे असतात. ते प्लेटमध्ये मागून घ्यावेत.