‘कट्’ वाजलं म्हणजे मणका बसला का?

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या सलूनमध्ये कटिंग झाली की कारागीर न विचारताच मानेकडे वळतो. एक तळवा हनुवटीखाली, दुसरा कानामागे. ‘मालक, अंग ढिलं सोडा,’ म्हणतो आणि झटका देतो. कट्! मग दुसऱ्या बाजूनं. कट्! नंबर लावून बसलेले कौतुकानं बघतात. पंधरा वर्षं मीही मान त्याच्या हाती दिली. हल्ली देत नाही. का ते पुढं येईलच.

हाच झटका आता मोबाइलवर वेगळ्या थाटात दिसतो. पांढरा कोट, उंच टेबल, आवाज नीट ऐकू यावा म्हणून पाठीजवळ माइक. नाव कायरोप्रॅक्टिक. सोलापुरात गिऱ्हाइकाची वानवा नाही. लूमवर उभ्यानं पाळी काढणारे आहेत, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका आहेत. कंबर आणि मान ही इथल्या घराघरातली तक्रार.

या उपचाराचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टचा. डी. डी. पामर हा अंगातल्या ‘चुंबकीय शक्ती’नं, म्हणजे हात लावून, उपचार करणारा गृहस्थ. हार्वी लिलार्ड हा त्याच्या इमारतीतला सफाई कामगार, त्याला नीट ऐकू येत नव्हतं. पामरनं त्याच्या पाठीतला उंचवटा दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं पामर सांगतो. त्यावरून त्यानं सिद्धांत बांधला: मणका जागचा हलला की नस दबते आणि रोग होतो. पुढं तर त्यानं शंभरातले ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळेच होतात असं लिहून टाकलं. गोची अशी, की ऐकण्याची नस कानाच्या आतल्या भागातून निघून कवटीतूनच मेंदूला मिळते. पाठीच्या कण्याकडे ती फिरकतही नाही.

मग तो आवाज कसला? आपल्या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटक्यात ओढले की आतला दाब एकदम उतरतो आणि पोकळी तयार होते. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर दाब सुटून बुडबुडे येतात, काहीसं तसंच. २०१५ साली कॅनडात एमआरआय यंत्रात बोट ओढून हे चालू चित्रात पकडलं गेलं. पोकळी बनते त्याच क्षणी आवाज येतो. म्हणूनच एकदा मोडलेलं बोट पुढची वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. हाड ‘बसल्याचा’ तो आवाज नव्हे.

तरी बरं वाटतं, हे खोटं नाही. झटक्यानं स्नायू आणि सांध्यातल्या संवेदना जाग्या होतात, आखडलेला भाग थोडा वेळ सैल पडतो. साध्या कंबरदुखीत या उपचाराचा माफक फायदा होतो, असं अभ्यास सांगतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत शेक आणि मसाजबरोबर यालाही जागा दिली. ब्रिटनची २०१६ ची मार्गदर्शिका मात्र म्हणते, सोबत व्यायाम असेल तरच.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधायची रीत होती. त्यानं कमरेला लाथ लावली की उसण निघते म्हणतात. माझ्या आजीचा त्यावर ठाम विश्वास होता आणि तिला दर वेळी गुणही आला. खरी मेख इथं आहे. अचानक भरलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, म्हणजे उतार सुरू व्हायच्या तोंडावर. मग शेवटी ज्यानं हात, किंवा पाय, लावला त्याच्या नावावर गुण जमा होतो.

‘मणक्यात गॅप पडलाय’ या वाक्याचंही तसंच. कसलंही दुखणं नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासले, तर विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसतात. फोटोत दिसलं तेच दुखतंय असं नसतं.

आमच्या गल्लीतल्या एक अक्का विड्या वळतात. रात्री अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. हात झटकत उठून बसायच्या. मुलगा म्हणाला, मानेतली नस दबलीय, झटका देणाऱ्याकडे जाऊ. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून बोटं खाली सोडायला सांगितली आणि घड्याळ बघत बसले. मिनिटाच्या आतच मुंग्या हजर. करंगळी मात्र शाबूत, कारण तिची नस वेगळी. अक्कांची नस मनगटातल्या अरुंद बोगद्यात आवळली जात होती. मान कितीही मोडली असती तरी ती तिथं सुटली नसती. तळपायाची आग होते तेव्हाही आधी मधुमेह आणि बी-१२ तपासावं; पुष्कळदा कारण तिथं सापडतं.

आता माझ्या मानेबद्दल. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या भोकांमधून वर चढतात आणि कवटीखाली वळण घेतात. मानेला जोराचा पीळ बसला तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथं गुठळी होते आणि अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. हे क्वचित घडतं. काही जणांची धमनी आधीच फाटलेली असते आणि त्या दुखण्यापायीच ते मान मोडून घ्यायला जातात, असंही तज्ज्ञ म्हणतात. पण दहा सेकंदांच्या मजेसाठी एवढी जोखीम मला परवडत नाही.

काही दुखण्यांत तर कुणालाही पाठीला हात लावू देऊ नये. लघवी अडली, मांड्यांमधली बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं. तासांचा प्रश्न असतो. बारीक ताप, घटतं वजन आणि रात्री न थांबणारी पाठदुखी असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात यायलाच हवा. ठिसूळ हाडांच्या म्हाताऱ्या माणसाला झटका म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे या शाखेची वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणाची आणि शिक्षण काय हे आपणच विचारायचं.

अक्कांना डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. दिवसा विड्यांचा आकडा भरायचाच असतो, तिथं तडजोड नाही. दीड महिन्यात मुंग्या पुष्कळ कमी झाल्या. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत भेटल्या तेव्हा नवस फेडून परत निघाल्या होत्या. म्हणाल्या, ‘सिद्धरामानं ऐकलं बघ.’